पुढचा टायर, मागचा टायर

आमच्या माण तालुक्यात सायकलच्या टायरचं वय कुणी वर्षांत सांगत नसे. ते हंगामात सांगितलं जाई. ‘ह्यो सुगीला घातला’, ‘ह्यो शिंगणापूरच्या जत्रंच्या आदल्या बाजारी’, ‘ह्यो दुष्काळातला’, अशी टायरांची जन्मनोंद असायची. ज्याचा टायर दोन दिवाळ्या टिकला तो चार माणसांत ते सांगून घ्यायचा. बैल घेताना दात बघतात, तशी जुनी सायकल घेताना टायरची बगल बघायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मला ही पारख मिळाली ती दुकानात. माझ्या थोरल्या चुलत्यांना सगळा बाजार तात्या म्हणायचा. आमच्या बाजारगावात एस. टी.च्या थांब्याला लागून त्यांचं सायकलचं दुकान होतं. वर पत्रा, पुढं पाण्याचं घमेलं, एक पायपंप, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पान्हे आणि भाड्यानं द्यायच्या बारा सायकली. १९७१ साली मी पाचवीत गेलो आणि १९७७ साली दहावी झालो. ती सगळी वर्षं शाळा सुटली की मी दुकानात असायचो. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, टपाल वाटायचे. रोज सात-आठ वाड्यावस्त्या सायकलवरून करायच्या. एक भाऊ टायर घालायचा, दुसरा तो झिजवायचा, असं आमच्या घरातलं गणित होतं.

दुकानात बसायला लागलो त्याच आठवड्यात तात्यांनी सांगितलं होतं, “टायर दोन रीतीनं मरतो. एक चालून, दुसरा हुबा राहून. चालून मेल्याला दिसतो. हुबा राहून मेल्याला दिसत न्हाई, म्हणून त्यो माणूस पाडतो.” तेव्हा मला ते कोड्यासारखं वाटलं. पुढं दहा-बारा वर्षांत आमच्या भागानं दोन्ही मरणं पाहिली. पहिलं दुष्काळात, दुसरं गिरण्या बंद पडल्यावर.

पण आधी हा टायर आमच्या माळापर्यंत आला कसा, ते सांगायला हवं. आमच्याकडं रबरी चाकाच्या बैलगाडीला ‘डनलॉप’ म्हणायचे. ‘डनलॉप जुपली का?’ असं विचारणाऱ्या आमच्या आज्याला हे एका माणसाचं आडनाव आहे, हे कधी कळलं नाही. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. आपल्या पोराची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून त्यानं चाकाला हवेची रबरी नळी गुंडाळली आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. खरं तर १८४५ सालीच रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं होतं. पण तेव्हा सायकली नव्हत्या, म्हणून ते कागदावर राहिलं. डनलॉपच्या वेळी सायकल आली होती, एवढाच फरक.

त्याच्याही आधी रबर टिकाऊ व्हावं लागलं. झाडाचा नुसता चीक वाळवला तर तो उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडलं, की त्यात गंधक घालून ते तापवलं तर रबर ताणलं तरी परत जागेवर येतं. आजही टायर याच तत्त्वावर बनतो. रबराचे लांबच लांब धागे गंधकाच्या गाठींनी एकमेकांना बांधलेले असतात. टायरचं म्हातारपण म्हणजे या धाग्यांचं तुटणं आणि नको तिथं नव्या गाठी पडणं. म्हणून म्हातारा टायर कडक होतो आणि चिरतो.

हे रबर आलं कुठून, याची गोष्ट मात्र चांगली नाही. सायकलींची लाट आली आणि जगाला रबर कमी पडलं. आफ्रिकेत काँगो हा मुलूख बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खाजगी मालकीचा होता. तिथं रानवेलींचा चीक आणून देण्यासाठी माणसांवर जो जुलूम झाला, त्याची जगभर बोंब झाली आणि १९०८ साली राजाच्या हातून तो मुलूख काढून बेल्जियम सरकारनं घेतला. दुसरीकडं १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजानं ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातल्या थोड्याच उगवल्या, पण तेवढी रोपं सिलोन आणि मलायाला पुरली. आपल्याकडं केरळात पेरियार नदीच्या काठी थट्टेकाडला १९०२ साली रबराची व्यापारी लागवड झाली. आणि १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर टायर विलायतेहून बोटीनं येण्याची वाट बघायची गरज राहिली नाही.

तरी एकदा वाट बघावी लागलीच. १९४२च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि मलायाचं रबर जपानच्या ताब्यात गेलं. गंमत म्हणजे जपानी शिपाई मलायातून खाली उतरले ते मोठ्या संख्येनं सायकलींवरून. टायर फाटले तर ते नुसत्या रिंगांवर सायकली हाणत. इकडं टायर मिळेनासे झाले. आमचे आजोबा सांगायचे, की त्या दिवसांत गावातल्या दोन सायकलवाल्यांपैकी एकानं टायरमध्ये ट्यूबच्या जागी चिंध्या आणि काथ्या कोंबून वर्ष काढलं. सायकल चालायची, पण बसणाऱ्याची कंबर जायची.

स्वातंत्र्यानंतर देशी सायकली वाढल्या आणि आमच्याकडं काळी उंच सायकल घरोघर दिसायला लागली. सळयांचे ब्रेक, जाड कॅरिअर, साखळीवर पत्र्याचं झाकण. तिचा टायर अठ्ठावीस-दीडचा. चाक अठ्ठावीस इंची, टायर दीड इंची. गिऱ्हाईक नुसतं ‘अठ्ठावीस-दीड द्या’ म्हणायचं. या टायरवर एक माणूस, मागं बायको, दांडीवर पोरगं आणि हँडलला बाजाराच्या पिशव्या एवढं वजन यायचं. दूधवाल्याच्या तर दोन्ही बाजूंना किटल्या. टायर बनवणाऱ्यानं एवढा विचार केला असेल असं वाटत नाही, पण टायर ते सोसत होता.

तात्यांची टायर बघायची एक ठरलेली रीत होती. आधी सायकल उलटी करायची आणि चाक गरकन फिरवायचं. डोळा टायरच्या रेषेत ठेवायचा. कुठं फुगवटा असेल तर चाक फिरताना तो लगेच उचल खातो. फुगवटा म्हणजे आतलं सूत तुटलं आणि हवा नुसत्या रबरानं धरून ठेवली आहे. तसला टायर तात्या परत बसवत नसत. “हवा घालू नका पाव्हणं, हितंच फुटंल,” म्हणून हात जोडायचे.

मग हवा काढायची आणि टायरची बगल दोन्ही अंगठ्यांनी दाबून दुमडायची. सरळ असताना न दिसणाऱ्या भेगा दुमडल्यावर तोंड उघडतात. केसासारख्या बारीक, वरवरच्या भेगा असल्या तर टायर अजून चालेल. भेगेच्या तळाशी पांढरं सूत दिसलं तर नाही. त्यानंतर टायर रिंगेवरून सोडवून काठ बघायचा. काठात पोलादी तार असते, तीच टायरला रिंगेत धरून ठेवते. तार गंजून कापड तिच्यापासून सुटलं असेल तर नक्षी कितीही कोरी असो, टायर संपला. शेवटी आतून बोट फिरवायचं. आत काट्यांची टोकं सापडतात, तुटलेलं सूत बोटाला लागतं.

नक्षीकडं तात्या सगळ्यात शेवटी बघायचे. लोक मात्र आधी नक्षी बघायचे. गुळगुळीत टायर म्हणजे मेलेला टायर, असा समज होता. तसं नाही. मधली नक्षी गेली तरी सायकल कोरड्या रस्त्यावर नीट चालते. पण रबराचा थर पातळ झाला की काटा लवकर आत जातो. आमच्या भागात बाभळीचा काटा, बोरीचा काटा आणि पायवाटेवरचा सराटा, तिन्ही पायलीनं. एका आठवड्यात तिसऱ्यांदा पंक्चर घेऊन कुणी आला, की तात्या ठिगळ लावायचं थांबायचे. म्हणायचे, “आता ट्यूबचा दोष न्हाई. भित पडल्यावर चोराला का शिव्या देताय?”

टायर वेळेआधी मारणाऱ्या गोष्टीही आम्ही रोज बघायचो. पहिली म्हणजे कमी हवा. वालट्यूबचं ते बारीक रबर सैल झालं, की हवा हळूहळू जाते. मालकाला पत्ता नसतो. कमी हवेवर ओझं टाकलं की बगल प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि आतलं सूत मोडतं. असल्या टायरला दोन्ही बाजूंनी, काठापासून सारख्याच अंतरावर, गोल रेघ पडलेली दिसायची. दुसरी गोष्ट डायनामो. त्याचं चाक बगलेवर घासूनच दिवा लागतो. ते वाकडं बसलं तर बगल चाकूनं खरवडल्यासारखी पातळ व्हायची. तिसरी, ब्रेकचं रबर. सळईच्या ब्रेकचं रबर रिंगेला आतून लागलं पाहिजे. सळई वाकली की तेच टायरला घासतं. आणि चौथी, रॉकेल. रेशनच्या दुकानातून कॅरिअरला डबा बांधून आणायचा, बूच ढिलं, रॉकेल थेंब थेंब मागच्या टायरवर. रबर रॉकेल पितं आणि फुगून मऊ पडतं. रॉकेलच्या डब्यामुळं गेलेले टायर तात्या बोटानं दाबूनच ओळखायचे.

१९७२ला पाऊस झाला नाही. आधीची वर्षंही बरी नव्हती. आमच्याकडं पीक नाही, वैरण नाही, विहिरींनी तळ दाखवलेला. लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले, पोरांना सुकडी मिळायची. दुष्काळी कामं निघाली. नालाबांध, पाझर तलाव आणि सगळ्यात जास्त म्हणजे खडी फोडणं आणि रस्ते. जिथं पायवाट होती तिथं रस्ता झाला, ही गोष्ट चांगलीच. पण त्यावर डांबर पडायला पुढं कित्येक वर्षं गेली. तोवर हातानं फोडलेली धारदार खडी उघडी पडलेली. जुनी पायवाट धुळीची होती, ती टायरला मऊ होती. नवा रस्ता टायर खायला लागला.

दुकानात त्या वर्षी टायर आत यायचे ते बगल चिरलेले. बदलायला कुणाकडं पैसा नव्हता. मग गॅटर. जुन्या टायरचा वीतभर तुकडा कापायचा, कडा कानशीनं घासून पातळ करायच्या आणि चिरलेल्या जागी आतून, टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसवायचा. गॅटर म्हणजे टायरला आतून लावलेलं ठिगळ. त्या सालात मी गॅटर कापायला शिकलो. एकेका टायरला तीन-तीन गॅटर बसवलेले मी हातानं मोजलेत. सायकल चालताना फेऱ्यागणिक तीनदा टप टप करायची.

आण्णांच्या सायकलला पुढं एक गॅटर होता. मागचा टायर त्यांनी दिवाळीला बदलला होता आणि तो मागंच घातला होता. तात्यांना हे पसंत नव्हतं. त्यांचा नेम ठरलेला होता: नवा टायर पुढं घालायचा आणि पुढचा अर्धा झिजलेला मागं न्यायचा. गिऱ्हाइकांची यावर रोज हुज्जत असायची. मागच्या चाकावर वजन जास्त, पायडलचा जोर त्याच्यावर, म्हणून झिजतो मागचाच. मग नवा मागं का नको? तात्यांचं उत्तर एकच असायचं.

“मागचा फुटला तर माणूस थांबतुया. पुढचा फुटला तर माणूस पडतुया.”

मागचा टायर बसला की सायकल डुलते, जड होते, पण हँडल हातात राहतं. पुढचा बसला की हँडलच हातातून जातं. उतारावर तर विचारायला नको. हे आण्णांनाही पटत होतं. पण त्या दिवाळीला दुकानात फार गर्दी होती, त्यांना वाटेवर जायची घाई होती आणि चाकांची अदलाबदल करायला अर्धा तास जातो. नंतर पैसे नव्हते. “पाडव्याला बदलू तात्या, तवर कळ काढा,” म्हणाले. तात्या म्हणाले, “मी काढीन रं, टायरानं काढाय पायजे.”

पाडव्याच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. आमच्या गावाच्या पूर्वेला खिंड आहे. तिथं रस्त्याचं काम चाललं होतं आणि कामावर आमची धाकटी आत्या होती. पुढचं मी तिच्याकडून ऐकलं. आण्णा दुपारच्या उन्हात खिंड उतरत होते. पिशवीत पलीकडच्या वाड्यांच्या अकरा मनिऑर्डरी होत्या. आमच्या भागातली तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांत. दुष्काळात घरं चालली ती दोन गोष्टींवर, खडीच्या मजुरीवर आणि त्या मनिऑर्डरीवर. उतारावर बंदुकीसारखा आवाज झाला. गॅटरच्या शेजारीच बगल उभी फाटली होती. आण्णा हँडलवरून पुढं खडीवर पडले. पिशवीचा बंद तुटला, नोटा आणि चिल्लर सगळ्या उतारावर पांगली.

खडी फोडणाऱ्या बायका हातोड्या टाकून धावल्या. कुणी आण्णांना सावलीला नेलं, बाकीच्या पैसे वेचायला लागल्या. आत्या म्हणायची, “खडीच्या फटीतनं नाणी काढताना बायांची नखं निघाली.” त्यातल्या अर्ध्या बायकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची मारामार होती. आण्णांनी एका हातानं पैसे मोजले. दुसरा मनगटात मोडला होता. हिशेब पैशाला पैसा लागला. त्या अकरात दोन मनिऑर्डरी पैसे वेचणाऱ्या बायकांच्याच नावच्या होत्या. आण्णांनी तिथंच फॉर्मवर त्यांचे अंगठे घेतले आणि पैसे हातावर ठेवले. बाकीच्या नऊ दुसऱ्या दिवशी गळ्यात हात बांधून पायी जाऊन पोचवल्या.

मनगट बसलं, पण वाकडं बसलं. पुढं आयुष्यभर त्या हातानं त्यांना ब्रेक पुरता दाबता आला नाही.

तात्यांनी त्याच रात्री न विचारता पुढं नवा टायर घातला. फाटलेला मात्र टाकला नाही. तो करवतीनं आडवा कापला आणि दुकानाच्या दारात खिळ्याला लावला. कापलेल्या जागी टायरचं पोट दिसायचं. वर रबराचा थर, त्याखाली एकमेकांना आडवे जाणारे सुताचे थर आणि काठाला तारेचा ठिपका. वरच्या भागात सूत घट्ट, पांढरं. बगलेत ते तपकिरी आणि भुगा झालेलं, नखानं निघणारं. नवा टायर मागं घाला म्हणून कुणी हुज्जत घातली की तात्या बोलायचे नाहीत, त्या खिळ्याकडं बोट करायचे. सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती. चैत्रात शिंगणापूरच्या जत्रेला आमच्या बाराच्या बारा सायकली भाड्यानं जायच्या. शंभू महादेवाच्या डोंगराचा घाट उतरायचा असतो, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक पुढचं चाक काढून बघायचं आणि गॅटर लावलेला एकही टायर पुढं ठेवायचा नाही, हा नियम तेव्हापासून झाला.

त्या काळी मेलेला टायरही वाया जात नसे. पोरं तो काठीनं हाणत गावभर पळवायची. त्याच्या पट्ट्या दाराला बिजागरीच्या जागी लागायच्या, खाटेला विणल्या जायच्या. पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायला चुलीत एक तुकडा सारायचे, घरभर काळा धूर. काठाची तार काढून तिच्यावर कपडे वाळत घालायचे.

दुसरं मरण आलं ते दहा वर्षांनी. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाख कामगार. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो मिटलाच नाही. आण्णांची पिशवी महिन्यामहिन्यानं हलकी होत गेली. माणसं परत गावाकडं आली. पहिले काही महिने दुकानात उलट गर्दी झाली. आलेली माणसं पाव्हण्यांकडं, कामाच्या शोधात, तालुक्याला जायला तासाच्या भाड्यानं सायकली न्यायची. भाडं वहीत मांडलं जायचं. मग वही भरली आणि माणसं यायची बंद झाली, लाजेनं. तात्यांनी कुणाला मागितलं नाही. ज्यांच्याकडं थोडा पैसा होता, बागायतवाले, नोकरीवाले, ते तोवर लुना नाहीतर दुसऱ्या मोपेडवर गेले होते. दूधवालेही सायकल सोडून फटफटीवर यायला लागले.

बारा सायकली पत्र्याखाली उभ्या राहिल्या. मी तेव्हा साताऱ्याला नोकरीला होतो. दिवाळीला आलो की बघायचो. टायरांची नक्षी कोरी, गोटे ताठ. बगल दुमडली तर मात्र पिंगळीच्या तळ्याची उन्हाळ्यातली जमीन. तात्यांचं कोडं मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

याचं कारण मी नंतर वाचून समजून घेतलं. हवेतला ऑक्सिजन आणि त्याहून जहाल ओझोन रबराच्या धाग्यांना तोडत असतो. ऊन त्याला मदत करतं. टायर काळा असतो तो त्यात काजळी घातलेली असते म्हणून. ती रबराला बळ देते आणि उन्हालाही अडवते. रबरात एक प्रकारचं मेणही मिसळलेलं असतं. ते हळूहळू वर येऊन टायरवर पातळ सायीसारखं पसरतं आणि ओझोनला आत येऊ देत नाही. टायर चालत राहिला, दबत-सुटत राहिला की मेण आतून वर येत राहतं. उभा राहिला की वरची साय विरते, तडकते आणि नवी मेहनतीनं येत नाही. त्यातून हवा गेलेली असेल तर सगळं वजन एकाच घडीवर येतं. ओझोन ताणलेल्या रबरालाच आधी चिरतो, म्हणून भेगा पडतात त्या त्या घडीवर, काठाजवळ. वापरलेला टायर दुकानात लोंबणाऱ्या टायरपेक्षा जास्त दिवस तरणा राहू शकतो, तो यामुळं.

तात्यांना ओझोन ठाऊक नव्हता, पण औषध ठाऊक होतं. उभ्या सायकलींना ते दर बाजारी हवा भरायचे आणि चाकं वितभर फिरवून ठेवायचे, म्हणजे घडी एका जागी पडत नाही. सुटे टायर सावलीत, पोत्यात बांधून, बॅटरी आणि मोटारीपासून लांब ठेवायचे. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लावायचे. वर्ष-दीड वर्ष त्यांनी हे केलं. १९८४च्या उन्हाळ्यात एका बाजारी मी गेलो तेव्हा ते सायकलींना हवा भरत नव्हते. “कुणासाठी भरू?” एवढंच म्हणाले. त्या पावसाळ्यात बाराही सायकली विकल्या. पण विकण्याआधी चोवीसच्या चोवीस टायर उतरवून घेतले. नुसत्या रिंगांवर सायकली दिल्या आणि किंमत तेवढी कमी घेतली. घेणारा म्हणाला, “तात्या, टायर तर नवं दिसत्यात की.” तात्या म्हणाले, “दिसत्यात.”

आज आमच्या भागात सायकली पुन्हा दिसतात, त्या मुलींच्या. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, बाकीच्यांनी बघून विकत घेतल्या. ज्या वाडीतून सातवीनंतर पोरगी घरी बसायची, तिथून सकाळी चार-पाच जणी रांगेनं निघतात. ती सायकल उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड-दोन महिने अंगणात, उन्हात, हवा गेलेली, उभी असते. जूनमध्ये बाप फुंकणीसारखा पंप मारतो, पोरगी दप्तर टाकून निघते. टायरची नक्षी कोरी असते, म्हणून कुणी दुसरं काही बघत नाही. सायकलच्या टायरवर कधी बनला ती तारीख सहसा वाचायला मिळत नाही, तेव्हा वय अंगठ्यानंच विचारावं लागतं.

म्हणून गावी गेलो की दिसेल त्या बापाला मी सांगतो. शाळा उघडायच्या आधी हवा काढा आणि बगल दुमडून बघा. भेगेत सूत दिसलं, फुगवटा आला, काठाची तार उघडी पडली, नाहीतर पंक्चर थांबेनात, यातलं एक जरी असलं तरी टायर बदला. एकाचेच पैसे असतील तर नवा पुढं घाला आणि पुढचा बरा असेल तर मागं न्या. सुट्टीत सायकल सावलीत ठेवा, आठवड्याला हवा भरा, चाक थोडं फिरवा. काही जण ऐकतात. काही म्हणतात, “काका, अजून एक साल निघंल की.” मग मी त्यांना विचारतो, की पोरीच्या शाळेच्या वाटेवर उतार कुठं आहे.